ऑल-इनला कॉल द्यावा की पत्ते टाकावेत?

समोरच्या खेळाडूच्या नावापुढे ‘ऑल-इन’ झळकतं, त्याच्या सगळ्या चिप पॉटकडे सरकतात आणि आपल्या नावाखालची वेळेची पट्टी कमी होऊ लागते. हातात थोडे सेकंद असतात आणि त्यात बहुतेक जण स्वतःला एकच प्रश्न विचारतात: याच्याकडे खरंच आहे का? हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याला उत्तर नाही, कारण त्याचे पत्ते पालथे आहेत. ज्याचं उत्तर काढता येतं असा प्रश्न वेगळा आहे. या किमतीला कॉल परवडायचा असेल, तर अशा शंभर प्रसंगांत मी किती वेळा जिंकायला हवं? आणि समोरच्याने आतापर्यंत जे केलं ते पाहता मी तितक्या वेळा जिंकेन का?

पहिला भाग निव्वळ अंकगणित आहे आणि दुसरा माणूस ओळखण्याचा. अंकगणित एका संध्याकाळी शिकून होतं. माणूस ओळखणं अवघड आहे, आणि माझ्या मते ऑनलाइन पोकरमध्ये सगळ्यात जास्त चिप याच जागी हकनाक जातात.

खेळ थोडक्यात

इथे नो-लिमिट टेक्सस होल्डेमबद्दल बोलतो आहे. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात. मग टेबलावर सर्वांचे मिळून पाच पत्ते उघडतात: आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न आणि शेवटी एक रिव्हर. आपले दोन आणि टेबलावरचे पाच अशा सातांतून उत्तम पाच पत्त्यांचा हात धरायचा.

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मोठा फरक किमतीत आहे. तीन पत्तीत चाल मागच्या चालीला बांधलेली असते, म्हणून पॉट फुगला की शो मागणं त्या मानाने स्वस्त होत जातं. नो-लिमिटमध्ये कुणीही, केव्हाही, समोर असलेल्या सगळ्या चिप लावू शकतो, मग पॉट कितीही लहान असो. पॉटमध्ये हजार असताना पाच हजारांची बेट येऊ शकते. म्हणून ‘बघू तरी काय आहे ते’ ही तीन पत्तीतली सवय इथे फार महागात पडते.

कॉलची किंमत

सूत्र एकच आहे: कॉलसाठी घालाव्या लागणाऱ्या चिप भागिले कॉल दिल्यानंतर होणारा एकूण पॉट. पॉट १,००० आहे आणि समोरच्याने १,००० चा ऑल-इन केला. आपण १,००० घातल्या की पॉट ३,००० होईल. एक हजार भागिले तीन हजार म्हणजे ३३ टक्के. तीनदा कॉल देऊन एकदाच जिंकलो तरी बरोबरी होते.

हे आकडे पाठच करून ठेवावेत. अर्ध्या पॉटची बेट असेल तर २५ टक्के लागतात, पाऊण पॉटला ३० आणि पॉटएवढ्या बेटला ३३. पॉटच्या दुपटीला ४० आणि दसपटीला सुमारे ४८. बेट कितीही मोठी झाली तरी आकडा पन्नासला पोचत नाही, कारण पॉटमध्ये आधीपासून काहीतरी पडलेलं असतंच. मोठ्या बेटला घाबरून चांगले पत्ते टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मात्र उलट बाजूही आहे. ऑल-इन करणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात: आपण पत्ते टाकले तर तो तिथेच जिंकतो, नाही टाकले तर पत्ते दाखवून जिंकू शकतो. कॉल देणाऱ्याला फक्त दुसरा रस्ता उरतो. म्हणून ज्या पत्त्यांवर आपण स्वतः बेखटके ऑल-इन केला असता, त्याच पत्त्यांवर दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल देणं चुकीचं ठरू शकतं. डेव्हिड स्क्लान्स्की या पोकर-लेखकाने या अंतराला ‘गॅप’ म्हटलं आणि तो शब्द पुढे सर्वत्र रूढ झाला.

पत्ते उघडायचे बाकी असताना

हा भाग सोपा आहे, कारण इथे अंदाजापेक्षा मोजणी जास्त असते. समजा हातात बदामचे दोन पत्ते आहेत आणि फ्लॉपवर आणखी दोन बदाम आले. फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पत्त्यांना, एकच बदाम कमी आहे आणि गड्डीत नऊ बदाम शिल्लक आहेत. टर्न आणि रिव्हर मिळून त्यातला एक तरी येण्याची शक्यता ३५ टक्के. टर्न होऊन गेला आणि एकच पत्ता बाकी असेल तर ४६ न दिसलेल्या पत्त्यांतले नऊ, म्हणजे साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास. दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या स्ट्रेटला, म्हणजे ओळीने पाच पत्त्यांना, आठ पत्ते उपयोगी पडतात: दोन पत्ते बाकी असताना साडेएकतीस टक्के, एक बाकी असताना साडेसतरा. तोंडी हिशेबासाठी उपयोगी पत्त्यांना फ्लॉपवर चाराने आणि टर्नवर दोनाने गुणलं तरी उत्तर पुरेसं जवळ येतं.

आता पॉट ४,००० आणि ऑल-इन २,००० चा असं धरू. कॉलला २५ टक्के लागतात. फ्लॉपवर फ्लशसाठी थांबलो असू तर ३५ टक्के आहेत. कॉल द्यावा, सरासरी ८०० चिपचा फायदा आहे. तेच टर्नवर घडलं तर कॉलमागे सुमारे ४३५ चिपचा तोटा आहे. पत्ते तेच, बेट तीच, पण निर्णय उलटा.

दोन गोष्टी इथे विसरल्या जातात. पहिली अशी की ऑल-इननंतर पुढे जिंकायला चिप उरत नाहीत. ‘फ्लश लागला तर रिव्हरला त्याच्याकडून आणखी काढेन’ हा हिशेब एरवी खरा असतो, इथे तो शून्य. दुसरी, आपले नऊही पत्ते निर्मळ असतीलच असं नाही. समोरच्याकडे एकाच नंबराचे तीन पत्ते, म्हणजे सेट, असेल तर आपला फ्लश लागूनही त्याचं फुल हाउस (एका नंबराचे तीन आणि दुसऱ्याचे दोन) होऊ शकतं, आणि मग आपले ३५ टक्के २५ च्या जवळ घसरतात.

फ्लॉपच्या आधी

इथे थोडेच आकडे पुरतात. एक्क्यांची जोडी विरुद्ध राजांची जोडी: ८२ टक्के. राण्यांची जोडी विरुद्ध वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा: ५७. एक्का-राजा विरुद्ध एक्का-राणी: ७४ च्या आसपास, कारण एक्का दोघांचाही सारखाच आणि राणीवाला दुसऱ्या पत्त्यात मागे. आणि सगळ्यात भिकार ठरणारे, वेगळ्या रंगांचे तिर्री-दुर्रीसुद्धा कुठल्याही अनोळखी दोन पत्त्यांविरुद्ध शंभरातून ३२ वेळा जिंकतात. चिप थोड्या उरल्या आणि समोरचा काहीही घेऊन ऑल-इन करत असला, की बिग ब्लाइंडमधून (पत्ते मिळण्याआधी सक्तीने लावायच्या दोन बेटपैकी मोठी भरणाऱ्याच्या जागेवरून) कॉल किती सैल देता येतो, ते या शेवटच्या आकड्यावरून कळतं.

समोरच्याकडे काय काय असू शकतं

खरा गुंता इथून सुरू होतो. समोरच्याच्या हातात एक विशिष्ट हात आहे असं ठरवून टाकणं ही नवख्यांची सवय. ‘याच्याकडे एक्केच असणार’ किंवा ‘हा ब्लफच मारतोय’ असं एका हातावर मुळीच बोट ठेवू नये. त्याने आधी जे जे केलं त्याच्याशी जुळणारे सगळे हात डोळ्यांसमोर आणावेत. खेळाडू याला रेंज म्हणतात. रेंजमध्ये प्रत्येक हाताचं वजन सारखं नसतं. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यात एक्के-एक्के सहा प्रकारे येतात, एक्का-राजा सोळा प्रकारे. टेबलावर एक अठ्ठी उघडली की अठ्ठ्यांची जोडी सहावरून तीन प्रकारांवर येते. आपल्या हातात एक एक्का असेल तर समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकारही सहाऐवजी तीनच राहतात आणि एक्का-राजाचे सोळाऐवजी बारा.

ही मोजणी कंटाळवाणी वाटते, पण भीती आणि हाव या दोन्हींना बाजूला सारणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

एक हात, जवळून

ब्लाइंड ५०-१०० चं टेबल. दोघांकडे सुरुवातीला दहा-दहा हजार चिप. आपण बटनवर, म्हणजे सगळ्यात शेवटी बोलण्याच्या जागी आहोत, आणि हातात किलवरचा एक्का व किलवरची राणी. आपण २५० लावतो, स्मॉल ब्लाइंडवाला पत्ते टाकतो, बिग ब्लाइंडवाला कॉल देतो. पॉट ५५०.

फ्लॉप: इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची तिर्री. तो चेक करतो. आपली राण्यांची जोडी, सोबत एक्का. ३५० लावतो, तो कॉल देतो. पॉट १,२५०. टर्नला बदामची पंजी. पुन्हा चेक, आपले ९००, त्याचा कॉल. पॉट ३,०५०. रिव्हरला किलवरची दुर्री. तो चेक करतो. वरच्या जोडीवर आणखी थोडं मिळेल म्हणून आपण २,००० लावतो. आणि तो उरलेल्या ८,५०० च्या ८,५०० चिप पुढे ढकलतो.

पॉटमध्ये आता ३,०५० अधिक २,००० अधिक ८,५००, म्हणजे १३,५५० आहेत. आपल्याला आणखी ६,५०० घालायच्या. एकूण पॉट २०,०५० होईल. लागणारे टक्के ३२.४.

आता त्याची रेंज. आपल्याला हरवणारे आणि या खेळीशी जुळणारे हात कोणते? अठ्ठ्यांचा सेट तीन प्रकारे, तिर्र्यांचा तीन, पंज्यांचा तीन. राणी-अठ्ठी एकाच रंगाची: बदामची आणि चौकटची, असे दोन. इस्पिकचा एक्का आणि चव्वी, जो फ्लशसाठी थांबला होता आणि दुर्रीने त्याचं एक्का ते पंजी स्ट्रेट लागलं, असा एक. इस्पिकची छक्की-चव्वी, तेही असंच लागलेलं, आणखी एक. तिन्ही राण्या त्याच्याकडे धरायला नकोत. राण्यांची जोडी घेऊन त्याने फ्लॉपआधीच वाढवलं असतं. एकूण तेरा.

आता आपण ज्यांना हरवतो ते. वरची जोडी घेऊन इथे कुणी सगळं लावत नाही. राजा-राणीवाला फक्त कॉल देतो. उरतात इस्पिकचे हुकलेले फ्लश. राजा-गुलाम, राजा-दश्शी, गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की. इस्पिकमध्ये प्रत्येकाचा एकच प्रकार, म्हणून सात.

त्याने हे सातही हात ब्लफ म्हणून लावले तर वीसपैकी सात, ३५ टक्के. लागत होते ३२.४. कॉल बरोबर ठरतो, पण काठावर. सरासरी फायदा काढला तर जेमतेम ५१८ चिप.

पण तो सातही वेळा इतकी हिंमत करेल का? हुकलेला फ्लश घेऊन रिव्हरला चेक करायचं, समोरून बेट आल्यावर पत्ते टाकायचे नाहीत, उलट उरलेल्या सगळ्या चिप घालायच्या. लहान ब्लाइंडच्या टेबलांवर हे करणारे खेळाडू फार थोडे. त्यातून फ्लशसाठी थांबलेले कित्येक जण फ्लॉपवरच बेट वाढवतात (रेझ करतात), म्हणजे ते हात इथवर अशा चालीने पोचतच नाहीत. सातांपैकी तीनच हात त्याने ब्लफ केले असं धरलं, तर सोळात तीन, १९ टक्क्यांहूनही कमी. मग कॉलमागे सरासरी तोटा २,७४० चिपचा.

या दोन आकड्यांची तुलना मला सगळ्या लेखात महत्त्वाची वाटते. तो मनापासून, पुरेपूर ब्लफ करणारा निघाला तर आपल्याला पाचशे मिळतात. नेहमीसारखा सावध निघाला तर पावणेतीन हजार जातात. आणि सावध माणसं कितीतरी जास्त. म्हणून लहान टेबलांवर, अनोळखी खेळाडूने रिव्हरला आपल्या बेटवर ऑल-इन केला आणि आपल्याकडे एकच जोडी असेल, तर मी पत्ते टाका असंच सांगेन. वरची जोडी, सोबत एक्का, हे सगळं खरं असलं तरी. फ्लॉपवर तो हात भक्कम होता. रिव्हरच्या रेझनंतर तो फक्त ब्लफला हरवणारा हात उरला.

आपल्याच हातातले पत्ते

याच हातात एक्का-राणीऐवजी किलवरची राणी आणि इस्पिकचा गुलाम असता तर? दोन्ही हात त्याच ब्लफना हरवतात आणि त्याच तेरा हातांना हरतात. पण इस्पिकचा गुलाम आपल्याकडे असला की त्याच्या सातांतले राजा-गुलाम, गुलाम-दश्शी आणि गुलाम-नव्वी हे तीन ब्लफ शक्यच राहत नाहीत. उरतात चार. सतरात चार म्हणजे साडेतेवीस टक्के, आणि कितीही धीट ब्लफर समोर असला तरी पत्ते टाकावे लागतात.

म्हणजे रिव्हरला हुकलेल्या रंगाचा पत्ता आपल्या हातात असणं कॉलसाठी वाईट. लागलेल्या हातांना अडवणारा पत्ता असणं चांगलं. बरेच खेळाडू याच्या नेमकं उलट वागतात. हातात इस्पिक दिसला की ‘माझाही फ्लश हुकला, त्याचाही हुकला असेल’ असं म्हणून कॉल देतात.

फार्हाने टाकलेली जोडी

ऑल-इनपुढे बसलेल्या माणसाचं एक गाजलेलं उदाहरण २००३ सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचं आहे. लास व्हेगासमधल्या त्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, प्रवेश फी १०,००० डॉलर. टेनेसीचा क्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता स्पर्धेत ८६ डॉलर भरून तिथवर आला होता. शेवटी दोघेच उरले: तो आणि अनुभवी व्यावसायिक सॅम फार्हा.

फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फ्लॉपला इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. टर्नला इस्पिकची अठ्ठी. तिथे फार्हाने बेट लावली, मनीमेकरने रेझ केला आणि फार्हाने कॉल दिला. रिव्हरला आली बदामची तिर्री. मनीमेकरचा फ्लशही हुकला होता आणि स्ट्रेटही. हातात काहीच नव्हतं. त्याने ऑल-इन केला. फार्हाने बराच वेळ विचार केला, फ्लश हुकला असावा असं बोलूनही दाखवलं, आणि वरची जोडी टाकून दिली. पुढे मनीमेकरने स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले. एका साध्या नोकरदाराच्या या विजयानंतर ऑनलाइन पोकरला जगभर उधाण आलं.

फार्हा चुकला असं पत्ते पाहून म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी बसून पाहिलं तर टेबलावर तीन इस्पिक आहेत, समोरच्याने टर्नला रेझ केला आहे, आणि आपल्याकडे नव्व्यांची एक जोडी. कॉलच्या बाजूने एक भक्कम गोष्ट होती: इस्पिकची राणी त्याच्याच हातात होती, त्यामुळे लागलेल्या फ्लशचे बरेच प्रकार बाद होत होते आणि इस्पिकचा एकटा एक्का किंवा एकटा राजा धरून हुकलेले हात तसेच शिल्लक होते. विरुद्ध बाजूने असं की लहान-लहान पॉट जिंकत पुढे जाण्याचा अनुभव त्याच्याकडे जास्त होता आणि सगळं एका जोडीवर लावायची त्याला घाई नव्हती. मला तो निर्णय मूर्खपणाचा वाटत नाही. ब्लफ अतिशय चांगला होता, इतकंच.

ऑनलाइन टेबलावर काय दिसतं

समोर चेहरा नाही, थरथरणारी बोटं नाहीत. तरी खुणा असतात. बेटचा आकार ही त्यातली सगळ्यात विश्वासाची. एरवी अर्धा पॉट लावणारा अचानक पॉटच्या अडीचपट लावतो, तेव्हा त्याने विचार करून काहीतरी बदललं आहे. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक-कार्यक्रमाने चार व्यावसायिकांना १,२०,००० हातांत हरवलं. पॉटच्या कितीतरी पट बेट हे त्याचं एक मोठं हत्यार होतं. वरच्या पातळीवरचे खेळाडू अशा बेटमध्ये मजबूत हात आणि ब्लफ यांचं प्रमाण तोलून मिसळतात. पॉटएवढ्या बेटला ते प्रमाण दोनास एक असं येतं. खालच्या टेबलांवर असं मिश्रण क्वचित सापडतं. तिथली अवाढव्य बेट बहुधा मजबूत हाताचीच असते.

वेळेवरून अंदाज बांधताना सावध राहावं. झटकन आलेला ऑल-इन कधी आधीच ठरवलेला असतो, कधी तो माणूस एकदम चार टेबलं खेळत असतो आणि उशिरा आलेली खेळी म्हणजे फक्त दुसऱ्या खिडकीतून परतायला लागलेला वेळ असतो.

आकडेवारी दाखवणारी सॉफ्टवेअर जिथे चालतात तिथे समोरचा किती हात खेळतो, किती वेळा रेझ करतो, हे टक्क्यांत दिसतं. पण तीस-चाळीस हातांवरून काढलेल्या टक्क्यांना अर्थ नाही. रिव्हरला रेझ करण्याचे प्रसंग मुळातच विरळ, त्यामुळे नेमका हवा तो आकडा विश्वासार्ह व्हायला हजारो हात लागतात. त्यापेक्षा स्वतः लिहिलेली एक टीप जास्त कामाची: ‘हुकलेला फ्लश घेऊन रिव्हरला ऑल-इन करताना पाहिला’. असं एकदा डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर वरच्या हातातल्या सातांपैकी तीन धरायचे की सहा, याचा कौल बदलतो. सात प्रकारांत बरोबरीसाठी सहाहून थोडे जास्त लागत होते, हे इथे आठवावं. एक टीपसुद्धा तिथवर नेईलच असं नाही.

आणि आपली स्वतःची अवस्था. नुकताच मोठा पॉट हरलेला माणूस पुढच्या ऑल-इनला किंमत मोजून कॉल देत नाही. मागचं वसूल करायला देतो. खेळाडू याला टिल्ट म्हणतात. तशा वेळी टेबल सोडणं हाच एक उपाय मला ठाऊक आहे.

टूर्नामेंटमध्ये हिशेब बदलतो

आतापर्यंत एक चिप म्हणजे एक चिप धरली. टूर्नामेंटमध्ये तसं नसतं. समजा चारजण उरले आहेत, चौघांकडे सारख्या चिप, आणि बक्षिसं तिघांनाच: १०,००० रुपयांतून पहिल्याला ५,०००, दुसऱ्याला ३,०००, तिसऱ्याला २,०००. समोरच्याने ऑल-इन केला. ब्लाइंड क्षणभर सोडून देऊ. पत्ते टाकले तर आपला वाटा सरासरी २,५०० चा. कॉल देऊन हरलो तर शून्य. जिंकलो तर चिप दुप्पट होतील, पण वाटा दुप्पट होत नाही. निम्म्या चिप आपल्याकडे आणि पाव-पाव दोघांकडे. पहिलं येण्याची शक्यता निम्मी, दुसरं येण्याची एक तृतीयांश, तिसरं एक षष्ठांश. रुपयांत ३,८३३.

म्हणजे ३,८३३ साठी २,५०० पणाला लावायचे. बरोबरीलाच ६५ टक्के लागतात. साध्या टेबलावर असा समसमान डाव पन्नास टक्क्यांना परवडला असता. राण्यांची जोडी घेऊन समोरच्याकडे एक्का-राजाच आहे असं डोळ्यांनी दिसलं, तरी ५७ टक्केच. पत्ते टाकावे लागतात. पोकर खेळणाऱ्या बहुतेकांना हे पहिल्यांदा ऐकून पटत नाही.

या पद्धतीला इंडिपेंडंट चिप मॉडेल, म्हणजे आयसीएम, म्हणतात. १९७३ मध्ये डेव्हिड हारविल यांनी घोड्यांच्या शर्यतीसाठी असं सूत्र मांडलं आणि १९८७ मध्ये मेसन मालमुथ यांनी ते पोकरला लावलं. बक्षिसाच्या उंबरठ्यावर, ज्याला बबल म्हणतात तिथे, याचा परिणाम सगळ्यात तीव्र असतो. पात्रता स्पर्धेत तर सगळ्या विजेत्यांना सारखंच तिकीट मिळतं. पुरेशा चिप जमल्या असतील तर तिथे एक्क्यांची जोडी टाकणंही बरोबर ठरू शकतं.

भारतात आज

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्यात बाजूला ठेवून पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर बंदी आली. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पोकरच्या मोठ्या देशी साइटनी पैशाची टेबलं लगोलग बंद केली. गोव्यात, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो-बोटींवर, पोकर समोरासमोर बसून खेळलं जातं. तिथला कायदा वेगळा, १९७६ चा.

परदेशी साइटवर आडमार्गाने पैसे पाठवून खेळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तो रस्ता धरू नये. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. हा हिशेब शिकायला पैसे लागतही नाहीत. फुकट चिपच्या टेबलावर, घरी मित्रांसोबत काड्यापेटीतल्या काड्या लावून, किंवा कागदावर हात मांडूनही तो पूर्ण शिकता येतो. अमेरिकेत न्यू जर्सीसारख्या राज्यांत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी खेळाडूंना परवानाधारक साइट उपलब्ध आहेत. त्यांनी घरखर्चाच्या पैशाला हात न लावता, फक्त वेगळ्या काढलेल्या रकमेतून खेळावं.

हात संपल्यावर

साइट प्रत्येक हाताची नोंद ठेवते. ज्या ऑल-इनने अडखळायला झालं तो हात खूण करून ठेवावा आणि डोकं शांत असताना उघडावा. समोरच्याचे पत्ते दिसत असतील तर आधी झाकावेत. मग क्रमाने लिहावं: पॉट किती होता, किती घालायच्या होत्या, किती टक्के लागत होते. त्याखाली दोन रकाने करून एकात आपल्याला हरवणारे हात आणि दुसऱ्यात ब्लफ, प्रकारांच्या संख्येसकट. प्रत्येक ब्लफपुढे हा खेळाडू तो खरोखर लावेल का, याचं हो किंवा नाही असं उत्तर लिहावं. ‘कधीकधी’ लिहावंसं वाटलं तर अर्धा धरावा. एवढं झाल्यावरच त्याचे पत्ते पाहावेत आणि ते आपल्या यादीत होते का, तेवढंच तपासावं. यादीत नसलेला हात निघाला, तर तो कुठल्या वळणावर आपल्या नजरेतून सुटला ते फ्लॉपपासून पुन्हा शोधावं. बहुतेक वेळा उत्तर रिव्हरवर नसतं, टर्नच्या कॉलमध्ये असतं.